लॅपटॉप एक, मालक दोन: विंडोजशेजारी फ्रीबीएसडी टाकायचंय

अडत्याचापोरगा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू लिनक्स आहे, घरी व्हर्च्युअलबॉक्समध्येही (विंडोजच्या आत नकली कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून झालं. आता फ्रीबीएसडी १४ (युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) थेट लॅपटॉपवर टाकायचं डोक्यात आहे, विंडोज तसंच ठेवून.

अडचण लॅपटॉपच्या मालकीची आहे. बाबांची कळमन्याला फळांची अडत आहे. पहाटे लॅपटॉप त्यांच्यासोबत मार्केटला जातो, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या विक्रीचा हिशोब) त्यावरच बनतात, हिशोबाचं टॅलीही त्यातच. दुपारी घरी आला की माझा. दुसरा घ्यायचं बजेट सध्या नाही.

मशीन: इंटेल आय-५ अकरावी पिढी, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ होम, वाय-फाय कार्ड इंटेलचं. सगळं एकाच सी ड्राइव्हमध्ये, साधारण २०० जीबी भरलेली. सुरुवात कुठून करू? आणि कुठे हात लावायचा नाही, ते आधी सांगा.

तर्रीबाज
काहून बे, सुखाचा जीव दुःखात घालून रायला? व्हर्च्युअलबॉक्स आहे नं तुझ्याकडे, त्यातच टाक फ्रीबीएसडी. बिघडलं तं फाइल उडव, नवीन बनव. बापाच्या धंद्याच्या मशीनमध्ये पार्टिशन पाडाची हिंमत आपल्यात तं नाई राजा.

अडत्याचापोरगा
@तर्रीबाज भाऊ, ८ जीबीतली अर्धी रॅम विंडोजच खाऊन बसतं, उरलेल्यात डेस्कटॉप रांगतो. शिवाय व्हर्च्युअल मशीनमध्ये हार्डवेअर सगळं नकली. बूट कसं होतं, ड्रायव्हर खऱ्या कार्डावर कसा बसतो, तेच तर बघायचंय.

सदरकर
कारण पटलं, म्हणून सविस्तर लिहितो. सर्व्हर सांभाळणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. फ्रीबीएसडीचा इंस्टॉलर हे यातलं सगळ्यात छोटं काम आहे. खरी मेहनत विंडोजच्या बाजूची, आणि ती पेनड्राइव्ह लावायच्या आधीची.

आधी बॅकअप. टॅलीचा डेटा फोल्डर आणि पट्ट्यांच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घे. मग ती डिस्क दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरला लाव आणि टॅलीत कंपनी उघडते का ते बघ. उघडून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. आणि हो, आंबिया बहाराची आवक जोरात असेल तर हा उद्योग सरळ पुढे ढकल. बाबांचा मार्केटला सुटीचा दिवस कोणता ते विचारून घे आणि त्याच्या आदल्या दुपारी बस.

मग फास्ट स्टार्टअप बंद कर. विंडोजला 'शट डाउन' म्हटलं तरी ते पुरतं बंद होत नाही. कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. अशा अर्धवट झोपलेल्या एनटीएफएसला (विंडोजची फाइल सिस्टिम) दुसऱ्या सिस्टिमने हात लावला की फायलींचा घोळ झालाच म्हणून समज. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघड आणि 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दे. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात, वर हायबरफिल या हायबरनेशनच्या फाइलने अडवलेली जागा मोकळी होते.

तिसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, आणि लोकांचा घात बहुतेक वेळा हीच करते. होम आवृत्तीत तिचं नाव 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. फ्रीबीएसडीसाठी सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद करावं लागणार. ते बंद केलं की टीपीएमला (कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप) मशीन बदललेलं वाटतं आणि विंडोज सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती जवळ नसेल तर डेटा डिस्कवर असूनही गेल्यातच जमा. सेटिंग्जमध्ये बघ, चालू आहे का.

जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, 'श्रिंक व्हॉल्यूम' वापरून. बाहेरची टूल्स नकोत. डेस्कटॉपसकट फ्रीबीएसडीला ८० जीबी पुष्कळ झाली.

निवृत्त_लेजर
सदरकर, बॅकअपबद्दल शंभर टक्के सहमत.

अवांतर: नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत एससीओ युनिक्स आलं. एक मशीन, त्याला जोडलेली टर्मिनल्स, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. माऊस नावाची वस्तू नाही. आम्ही लेजरवाले माणसं, आम्हाला 'डे-एंड' हे एकच कर्मकांड ठाऊक. ते पूर्ण होईपर्यंत घरी जायचं नाही. आणि मशीन बंद करायचं तर रीतसर शटडाउन देऊनच. एकदा शिपायाने सवयीने मेन स्विच पाडला होता. सकाळी 'एफएससीके' डिस्क तपासत बसलं आणि काउंटरवर पेन्शनरांची रांग दारापर्यंत. मॅनेजरसाहेबांनी त्या स्विचला लाकडी पेटी ठोकून घेतली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

बाळा, तू टाकतोयस त्यात अजून तसंच होतं का रे?

सदरकर
@निवृत्त_लेजर काका, एफएससीके आहेच अजून. पण यूएफएसमध्ये (फ्रीबीएसडीची जुनी फाइल सिस्टिम) आता जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही असते, अचानक बंद पडलं तरी तपासणी बहुतेक वेळा काही सेकंदांत उरकते. शिवाय लॅपटॉपला बॅटरी आहे, शिपायाची भीती नाही. :)

तर्रीबाज
मले एक सांगा, लिनक्स आन् हे वेगळं कायले समजून रायले? दोन्हीत एलएस मारलं तं यादीच येते नं.

सदरकर
थोडक्यात सांगतो, नाहीतर धाग्याचं काश्मीर होईल, वाद संपायचाच नाही. युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू झालं. त्याच्या कोडवर बर्कले विद्यापीठात काम होत गेलं, ती बीएसडीची शाखा. लिनक्सचा कर्नल १९९१ मध्ये कोऱ्या पाटीवर लिहिलेला, वागणूक युनिक्ससारखी पण कोडचा वारसा नाही. फ्रीबीएसडीची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९३ ची. त्याच सुमारास बर्कलेच्या कोडवर एटीअँडटीच्या उपकंपनीने दावा लावला होता. १९९२ ला सुरू झालेला तो वाद १९९४ ला मिटला. त्यातल्या तडजोडीमुळे फ्रीबीएसडीला आपला पाया बदलून ४.४ बीएसडी-लाइटवर यावं लागलं, तीच २.० आवृत्ती. लिनक्सची गाडी पुढे निघून जायला हा कोर्टाचा काळ बराच कारणीभूत आहे, असं माझं मत.

वापरताना जाणवणारा फरक असा की लिनक्समध्ये कर्नल एकाचा, बाकीचं सामान दहा ठिकाणचं. इथे कर्नल आणि मूळ सिस्टिम एकाच झाडावर वाढते आणि एकत्रच बाहेर पडते. त्यामुळे हँडबुक आणि मॅन पानं मशीनशी जुळतात. शिकणाऱ्याला याचा फायदा फार.

अडत्याचापोरगा
बिटलॉकर तपासलं. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे! आम्ही कोणीच चालू केलेलं नाही. आणि पुढची मजा: लॅपटॉप बर्डीवरच्या एका दुकानातून घेतला तेव्हा तिथल्या पोराने 'सेटअप करून देतो' म्हणून कुठल्यातरी ईमेलवर मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलं होतं. बाबा रोज पिन टाकून आत जातात. तो ईमेल कोणाचा, पासवर्ड काय, घरात कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे की त्या खात्यात अडकली ना?

अंबाझरी_वॉकर
थांब, घाबरू नकोस. विंडोज उघडतंय ना, मग की मिळते. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:' दे. 'न्यूमरिकल पासवर्ड'खाली सहा-सहा आकड्यांचे आठ गट दिसतील, तीच की. कागदावर उतरवून घे, आकडे दोनदा ताडून बघ आणि कागद घरच्या कपाटात ठेव. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवलीस तर उपयोग शून्य.

तुझ्या जागी मी तर सेटिंग्जमधून एन्क्रिप्शनच बंद केलं असतं, डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ दिली असती आणि मगच बायोसला हात लावला असता. पण लॅपटॉप रोज मार्केटच्या गर्दीत जातो, चोरीला गेला तर एन्क्रिप्शन असलेलं बरं. हे बाबांना विचारूनच ठरव. आणि ते अनोळखी खातं काढून बाबांच्या नावाने स्वतःचं करून घ्या. ड्युअल बूट (एका मशीनवर दोन सिस्टिम) राहू दे बाजूला, ते काम आधी.

तर्रीबाज
दुकानातला पोरगा आन् त्याचा ईमेल! आमच्या घरच्या टीव्हीचंबी असंच आहे. +१.

अडत्याचापोरगा
ताई, की मिळाली, कागदावर घेतली. बाबा म्हणाले कुलूप राहू दे. तेव्हा एन्क्रिप्शन ठेवतोय, फक्त सिक्युअर बूट बंद करण्यापुरतं बिटलॉकर थांबवतो. बॅकअप काकांच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिला, टॅलीत कंपनी उघडली.

आता अडलंय वेगळंच. २५० जीबीहून जास्त जागा रिकामी असूनही विंडोज श्रिंकमध्ये जेमतेम ४० जीबीच देतंय.

सदरकर
न हलणाऱ्या फायली मध्ये ठाण मांडून बसल्यात. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) आणि सिस्टिम रिस्टोअर दोन्ही तात्पुरतं बंद कर, रीस्टार्ट कर, मग पुन्हा श्रिंक बघ. जागा मिळाली की दोन्ही परत चालू कर. ८ जीबी रॅमवर पेजफाइलशिवाय बाबांचं मशीन पाठवू नकोस.

अंबाझरी_वॉकर
तोवर पेनड्राइव्हचं बघ. फ्रीबीएसडीच्या साइटवरून एएमडी६४ ची 'मेमस्टिक' इमेज घे. नावावर जाऊ नकोस, इंटेललाही तीच. 'सर्टयुटिल -हॅशफाइल' ने एसएचए२५६ (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा ठसा) जुळवून बघ आणि रुफसने पेनड्राइव्हवर लिही.

बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करशील तेव्हा शेजारी व्हीएमडी किंवा आरएसटी नावाची, डिस्क हाताळण्याची इंटेलची सेटिंग दिसेल. अकराव्या पिढीच्या मशीनवर ती बऱ्याचदा चालू असते. इंटरनेटवर सगळे 'बंद करा' म्हणून सांगतील. एकदम करू नकोस, त्याने विंडोज निळा पडदा दाखवून बसू शकतं. आधी पेनड्राइव्हवरून बूट कर, 'लाइव्ह सिस्टिम' निवड आणि 'जीपार्ट शो' दे. एसएसडी दिसली तर त्या सेटिंगचं नावही काढायचं नाही.

अडत्याचापोरगा
पेजफाइल आणि रिस्टोअर बंद केल्यावर हवी तेवढी जागा मिळाली, ८० जीबी मोकळी केली. लाइव्हमध्ये एसएसडी दिसतेय, व्हीएमडीला हात लावला नाही. आता इंस्टॉल करायला बसू का?

अंबाझरी_वॉकर
बस, पण पार्टिशनच्या पडद्यापर्यंतच जा आणि हे वाचून पुढे सरक.

डिस्कचे भाग कसे पाडायचे असा प्रश्न येईल. यादीत सगळ्यात वर 'ऑटो झेडएफएस' असतं आणि उजेडाची पट्टीही आधीपासून त्यावरच. एंटर दाबत सुटणारी माणसं इथे फसतात. हा पर्याय तू निवडलेली डिस्क संपूर्ण घेतो, विंडोज, टॅली, रिकव्हरी सगळ्यासकट. शेजारी राहायची सोय त्यात नाही. झेडएफएस ही फाइल सिस्टिम चांगलीच आहे, पण पार्टिशनमध्ये बसवायचं तर शेल उघडून हाताने करावं लागतं. पहिल्या वेळी ते नको. तुला त्याच्या खालचं 'ऑटो यूएफएस' हवं. पुढे तो विचारेल 'एंटायर डिस्क' की 'पार्टिशन', तिथे 'पार्टिशन'.

डिस्कच्या यादीत 'डीए०' म्हणजे तुझी पेनड्राइव्ह आणि 'एनडीए०' म्हणजे एसएसडी. नावं सारखी आहेत, आकार वाचून खात्री कर.

मग एडिटर उघडेल. त्यात पी१ ईएफआय, पी२ एमएस-रिझर्व्ह्ड म्हणजे १६ एमबीचा चिमुकला भाग, पी३ एमएस-बेसिक-डेटा म्हणजे बाबांचा सी ड्राइव्ह आणि पी४ रिकव्हरी दिसेल. मोकळी जागा पी३ आणि पी४ च्या मध्ये आहे, पण तिथे तयार होणाऱ्या भागांना नंबर मिळेल पी५, पी६. नंबरांचा आणि जागेचा क्रम जुळत नाही, दचकू नकोस. 'फिनिश' आणि त्यानंतर 'कमिट' म्हणेपर्यंत डिस्कवर एक अक्षर लिहिलं जात नाही. तोपर्यंत मोबाइलवर फोटो काढ, इथे टाक.

अडत्याचापोरगा
ताई, फोटो चढत नाहीये, लिहूनच देतो. पी१ ईएफआय २६० एमबी, पी२ १६ एमबी, पी३ बेसिक-डेटा, पी४ रिकव्हरी. नवीन: पी५ फ्रीबीएसडी-यूएफएस, समोर '/', पी६ फ्रीबीएसडी-स्वॅप. पी३ समोर काहीच नाही.

सदरकर
बरोबर आहे. पी१ ते पी४ ला तू स्वतः काही बदल केलेला नाहीस ना? नसेल तर कमिट कर. पी१ मध्येच विंडोजचा बूटलोडर राहतो, फ्रीबीएसडीचा लोडरही 'ईएफआय/फ्रीबीएसडी' या वेगळ्या फोल्डरात तिथेच जाऊन बसेल. दोघे एका खोलीत राहतात, भांडत नाहीत. पण ती खोली फॉरमॅट केलीस तर दोघेही बेघर.

अंबाझरी_वॉकर
आणि पुढे टाइमझोनच्या वेळी 'मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) आहे का' असं विचारेल, तिथे 'नो'. लोक हे हसण्यावारी नेतात, तुमच्याकडे ते महागात पडेल. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, युनिक्सवाल्यांना तिथे यूटीसी आवडते. 'यस' म्हटलंस तर रात्री तू फ्रीबीएसडी वापरून बंद करशील आणि ते घड्याळात साडेपाच तास मागची वेळ लिहून जाईल. पहाटे ४ वाजता बाबा कळमन्यात विंडोज उघडतील तेव्हा त्यांना आदल्या रात्रीचे १०:३० दिसतील. तिथे नेट नसलं की वेळ दुरुस्तही होणार नाही, आणि शेतकऱ्याच्या हातात कालच्या तारखेची पट्टी. चुकून 'यस' झालंच तर नंतर 'टीझेडसेटअप' पुन्हा चालव.

निवृत्त_लेजर
तारीख चुकलेली पट्टी म्हणजे भांडणाला आमंत्रण. ही सूचना लाखमोलाची आहे. माझं या धाग्यावर काही काम नाही, तरी रोज येऊन वाचतोय.

अडत्याचापोरगा
झालं मंडळी! घड्याळाला 'नो' दिलं. पण रीस्टार्ट केलं की थेट विंडोजच येतं. एफ१२ दाबून मेन्यू काढला तर त्यात फ्रीबीएसडी आहे आणि त्यातून व्यवस्थित सुरूही होतं. दर वेळी आपोआप मेन्यू यावा म्हणून रीफाइंड टाकू का? छान दिसतं म्हणे.

सदरकर
टाकू नकोस. रीफाइंड चांगलं आहे, माझ्या स्वतःच्या मशीनवर आहे. पण तुझ्या घरी पहाटेचा माणूस वेगळा आहे. बटण दाबलं की विंडोज, हेच त्यांना पंधरा वर्षं माहीत. थेट विंडोज येतंय हा तुझ्यासाठी बिघाड नाही, उलट हवं तेच झालंय. तू एफ१२ दाब.

एफ१२ चा कंटाळा आला तर विंडोजमध्ये शिफ्ट धरून रीस्टार्ट कर, 'यूज अ डिव्हाइस'मधून फ्रीबीएसडी निवडता येतं. क्रमच बदलायचा झाला तर फ्रीबीएसडीत 'ईएफआयबूटएमजीआर' आहे, पण '-ओ' वापरू नकोस. '-एन' ने फक्त पुढच्या एका बूटपुरतं सांगता येतं, नंतर सगळं आपोआप पूर्ववत.

तर्रीबाज
हे बाकी भारी सांगतलं सदरकरनं. बापाले समजलंच नाई पायजे का आत कोण राहून रायलं.

अडत्याचापोरगा
सध्या नुसता काळा पडदा आणि लॉगिन. वाय-फाय आणि डेस्कटॉप बाकी आहे.

सदरकर
आधी नेट. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोड, टेदरिंग चालू कर, 'यूई०' नावाचा इंटरफेस दिसेल. 'डीएचक्लायंट यूई०' दिलं की नेट आलं. मग 'एफडब्ल्यूगेट' चालव, ते कार्ड ओळखून फर्मवेअर उतरवतं. इंटेलच्या कार्डांना 'आयडब्ल्यूएलवायफाय' ड्रायव्हर लागतो. १४.३ च्या आधीच्या आवृत्तीवर असशील तर वेग जुन्या ८०२.११जी एवढाच मिळेल, तेव्हा अपडेट करून घे.

ग्राफिक्ससाठी 'पीकेजी इंस्टॉल डीआरएम-केमॉड', आरसी डॉट कॉन्फच्या केएलडी यादीत 'आय९१५केएमएस', आणि स्वतःला 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये टाकायला विसरू नको, नाहीतर डेस्कटॉप येतो पण कासवाच्या चालीने. त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाक, ८ जीबीत मजेत चालतो.

झोपवण्याच्या भानगडीत पडू नकोस. नवीन लॅपटॉपांमध्ये जुनी एस३ झोप बहुतेक काढून टाकलीय, 'मॉडर्न स्टँडबाय'च असतं आणि ते फ्रीबीएसडीत अजून धड नाही. काम झालं की पूर्ण बंद कर. बाबांच्या बॅगेत जागा लॅपटॉप गेला तर मे महिन्यात आतमध्ये भट्टी होईल.

अंबाझरी_वॉकर
मे वरून आठवलं. 'कोअरटेम्प' मॉड्यूल लोड कर, म्हणजे 'सिस्कंट्रोल डेव्ह.सीपीयू.०.टेम्परेचर' ने तापमान दिसतं. बाहेर ४५ असताना कूलरच्या हवेतही माझं मशीन कंपाइल करताना ९० गाठतं. वेग हवा की वीजबचत, हे सांगणारा आकडा 'डेव्ह.एचडब्ल्यूपीस्टेट_इंटेल.०.ईपीपी' मूळ ५० असतो, प्रत्येक कोअरसाठी ८० च्या पुढे ने. वेग थोडा कमी होतो, पंख्याचा आवाज बराच कमी.

अडत्याचापोरगा
हे उत्तर फ्रीबीएसडीतून, फायरफॉक्सवरून लिहितोय. :) मराठीसाठी 'सेटएक्सकेबीमॅप'मध्ये अमेरिकन लेआउटसोबत 'इन' टाकला, इनस्क्रिप्ट चालतंय. सी ड्राइव्ह माउंट केलेला नाही आणि करणारही नाही. फायली न्यायच्या तर पेनड्राइव्ह. आज बाबा मार्केटहून आले, पट्ट्या नीट निघाल्या, तारीखही बरोबर. त्यांनी एवढंच विचारलं, सी ड्राइव्ह छोटी कशी झाली.

तर्रीबाज
मंग काय सांगतलं?

अडत्याचापोरगा
खरं तेच. म्हणाले, जागेचं भाडं दे.

वर्धेकर
धागा पूर्ण वाचला, वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे आठ वर्षं जुना लॅपटॉप आहे, बिटलॉकर वगैरे काही नाही, पण वाय-फाय कार्ड रियलटेकचं आहे. चालेल का?

सदरकर
नुसत्या 'रियलटेक'वरून सांगता येत नाही, काही कार्डं चालतात, काही नाही. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालव, 'पीसीआयकॉन्फ -एलव्ही' दे आणि त्यात 'नेटवर्क' लिहिलेला भाग जसाच्या तसा इथे टाक. मॉडेल नंबर दिसला की बोलू.